पडशाचा बाक

“पायऱ्या आहेत त्या, शर्यतीचं मैदान नाही,” माणिक केसपेपरवरची मान वर न करताच म्हणाली.

दवाखान्याच्या सात पायऱ्या दोन-दोन करून चढलेला तरुण जागच्या जागी थांबला. थांबल्या थांबल्या शिंकला. एक... दोन... तीन... चौथी शिंक नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन परत गेली आणि तो बिचारा तोंड उघडं ठेवून तिची वाट पाहत राहिला.

“फ्लू झालाय,” शेवटी तो म्हणाला. “सर्टिफिकेट हवंय. चार दिवसांचं.”

“नाव?”

“अनंत राऊळ. भांडुपच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे.”

“बाहेरच्या बाकावर बसा. तुम्हाला पडसं झालंय.”

“अहो, नाडी नाही, थर्मामीटर नाही... डॉक्टर तुम्ही आहात का?”

“डॉक्टरांची भाची आहे. पण इतकं मलाही कळतं.”

१९५७ सालच्या जूनमध्ये मुलुंडात एवढं कळणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. फ्लूची साथ अशी काही आली होती की ज्या घरात कुणी आजारी नाही त्या घराकडे लोक संशयाने पाहत. शाळांचे वर्ग अर्धे रिकामे, पोस्टातल्या खिडक्या बंद, आणि डॉक्टर प्रधानांच्या दवाखान्यासमोर सकाळी सातपासून छत्र्यांची रांग. माणिक इंटरची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत मामांकडे राहिली होती. मामांनी तिला दारातल्या टेबलापाशी बसवलं आणि दोन बाक वाटून दिले. व्हरांड्यातला, तिच्या टेबलाला लागून असलेला बाक पडशाचा. पडद्यामागे, आतल्या खोलीतला बाक फ्लूचा.

“पडसं सांगून येतं, माणिक,” मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आज घसा खवखवेल, उद्या नाक वाहेल, परवा आवाज बसेल. फ्लू सांगून येत नाही. दुपारी जेवलेला धडधाकट माणूस चार वाजता अंथरुणात असतो. हाडं दुखतात, डोळे दुखतात, ताप चढतो, उभं राहवत नाही. नाकाचं त्यात फारसं काही नसतं. तुझ्या शेजारच्या बाकावर पोटुशी बाई बसेल, दम्याचा म्हातारा बसेल. त्यांच्यात एक तापाचा बसवलास किंवा तापाच्या माणसाला पडशाचं औषध देऊन घरी धाडलंस... तर ती चूक मला निस्तरता येईलच असं नाही.”

ते शेवटचं वाक्य माणिक रोज सकाळी टेबलापाशी बसताना स्वतःशी एकदा म्हणून घेई.

बरं, लोकही वस्ताद. रजा हवी असणारे चारच दिवसांत उत्तरं पाठ करून येऊ लागले. अचानक आला, हाडं दुखतात, डोळे दुखतात. मग माणिकने स्वतःची युक्ती काढली. ती प्रश्न विचारायच्या आधी पायऱ्यांकडे बघे. पडशाचा माणूस शिंकत, कुरकुरत, पण सरळ चढून येतो. फ्लूचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर कठडा धरतो, कधी तिथेच बसतो. तिची युक्ती आजवर एकदाही चुकली नव्हती.

“थोडासा तरी फ्लू लिहा ना,” अनंत बाकावरून अजिजीने म्हणत होता. “ऑफिसात अकरा जणांपैकी सात आडवे झालेत. सात जणांचे नकाशे माझ्या गळ्यात पडलेत.”

“मग तर तुम्ही आजारी पडून चालणारच नाही.”

तिने त्याच्या केसपेपरवर लिहिलं - पडसं. शिंका : साडेतीन. त्याने वाकून ते वाचलं आणि इतका मनापासून हसला की राहिलेली अर्धी शिंक तेव्हा आली.

धाकू कंपाउंडर आतून औषधाची बाटली घेऊन आला. डोस कळावा म्हणून बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवायची, ती कापायचं काम माणिककडे. तिची पट्टी तिरपी निघाली.

“यातला दुसरा डोस पहिल्यापेक्षा मोठा आहे,” अनंतने गंभीरपणे दाखवून दिलं.

“मग पडसंही दुसऱ्या दिवशी मोठंच असतं,” ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या तापल्याच.

दोन दिवसांनी तो आला तो शंभर पट्ट्या घेऊन. ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या, सगळ्या एका मापाच्या, खाचांमध्ये केसाइतका फरक नाही. नंतर रिकामी बाटली परत द्यायला आला. नंतर शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवायला आला. पडसं केव्हाच गेलं होतं. पण एकटा आला की तो पायऱ्या दोन-दोन करूनच चढे आणि पडशाच्या बाकावर, अगदी टेबलाकडच्या टोकाला, हक्काने बसे.

“तुम्ही नाडी न बघता ओळखता कसं, हे एकदा सांगाच,” तो एक दिवस म्हणाला.

“सांगितलं तर सगळे शिकतील.”

“मी कुणाला सांगणार? बरं, सांगू नका... मी रोज येऊन विचारीन.”

रोज येईन म्हणतो. माणिकने दौतीचं झाकण उगीचच उघडलं, उगीचच लावलं. आणि सांगून टाकलं. पायऱ्यांचं, कठड्याचं, सगळं. प्रेमात पडलेलं माणूस आधी आपली गुपितं वाटत सुटतं, तसंच झालं. त्या गुपिताचा पुढे काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी पाऊस असा कोसळत होता की दोन्ही बाक रिकामे पडले होते. मामा आत हात धूत होते. अनंत आला. दोन पायऱ्या, दोन पायऱ्या, आणखी दोन, आणि एक. वर येऊन तो बाकावर बसला आणि भिंतीला डोकं टेकवून हसला.

“परत पडसं?” तिने विचारलं.

“परत. तुमच्या मुलुंडची हवाच वाईट.”

“अंग दुखतंय? ताप?”

“पायऱ्या बघितल्यात ना माझ्या?”

बघितल्या होत्या. खरं सांगायचं तर तिने पायऱ्या बघितल्याच नव्हत्या, त्या चढून येणाऱ्याचा चेहरा बघितला होता. बाटली देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि एक ऊब अंगभर गेली. ती आपलीच आहे असं तिला वाटलं. तो उठला, दारात क्षणभर चौकट धरून उभा राहिला, आणि पावसात उतरून गेला.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी सकाळी माणिक आठवड्याचे केसपेपर लावत बसली होती, तेव्हा त्याचा कागद हाती आला. मंगळवारच्या ओळीत लिहिलं होतं - पडसं. शिंका : आणि पुढे काहीच नाही. आकडा घालायचा राहून गेला असेल म्हणून ती आठवू लागली...

तो एकदाही शिंकला नव्हता.

नाक ओढलं नव्हतं. रुमाल काढला नव्हता. भिंतीला डोकं टेकलं होतं, चौकट धरली होती. आणि ती ऊब. ती तिची नव्हतीच.

माणिकने कागद तसाच हातात धरला. ती उठली, पडदा सारून आत गेली. आत सहा रोगी होते, धाकू होता. तिला लाज वाटायला वेळ नव्हता.

“मामा, माझी चूक झालीय. मंगळवारी मी एका फ्लूच्या माणसाला पडशाचं औषध देऊन घरी पाठवलं.”

मामांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. “कोण?”

“अनंत राऊळ.”

“तो पट्ट्यावाला?” मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “पत्ता आहे? चल. धाकू, बॅग घे.”

अनंतची चाळ रुळांपलीकडे, मिठागरांच्या बाजूला होती. नेमकं फाटक बंद. मालगाडी आली ती संपता संपेना. माणिक एकेक डबा मोजत होती आणि मनात एकच चाललं होतं - मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस. त्यातले दोन दिवस मी रुसून बसले, तो आला नाही म्हणून. छत्री मिटलेली तिच्या हातातच होती आणि ती नखशिखांत भिजली होती, हे मामांनी सांगितल्यावर तिला कळलं.

खोलीचं दार शेजारच्या शेवंतीबाईने उघडलं.

“तीन दिस तापान फणफणता,” ती म्हणाली. “काल जरा बरां वाटलां म्हणान तो न्हालो, कामार जाऊक भायर पडलो नि फाटकापाशीच बसलो. डाक्टराक बोलावतंय म्हटलां, तर नको म्हणता.”

तो घोंगडीखाली पडला होता. श्वास भराभरा, वरवर चाललेला. ओठ कोरडे. उशाशी औषधाची बाटली होती. तिच्यावर त्याने स्वतः कापलेली सरळ पट्टी होती, आणि औषध पट्टीच्या वरच्या टोकाला जसंच्या तसं. एक डोसही घेतलेला नव्हता. त्याला ठाऊक होतं, आपल्याला पडसं नाही.

मामांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे खाली ते बराच वेळ थांबले.

“फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनिया आलाय,” ते म्हणाले. “उतरलेला ताप पुन्हा चढला तेव्हाच मला बोलवायला हवं होतं. धाकू, सुई उकळ. पेनिसिलिन.”

अनंतने डोळे उघडले. माणिक दिसली तशी त्याने उठून बसायची धडपड केली.

“पडून राहा,” ती म्हणाली. तिने घोंगडी पुन्हा त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. “कुणासाठी हे नाटक? का?”

“आतल्या बाकावर... पाठवलं असतंत,” तो धापत म्हणाला. “पाच दिवस घरी बसा म्हणाला असतात. मग तुम्ही... दिसला नसतात.”

तिला त्याचा भयंकर राग आला. असा राग तिला आजवर कुणाचाच आला नव्हता, आणि त्या रागातच तिला स्वच्छ कळलं की या माणसाशिवाय आपलं काही खरं नाही.

परतताना फाटकापाशी मामा म्हणाले, “दोन दिवस निभावले तर निभावले.”

“मला त्या टेबलावर पुन्हा बसवू नका, मामा.”

“बसायचं. आणि खाली बघायचं. तुझी युक्ती खोटी नाही, पोरी. त्या दिवशी तुझी नजर खोटी पडली.”

माणिक बसली. मामा सकाळ-संध्याकाळ बॅग घेऊन रुळांपलीकडे जात. परत आले की तिला विचारायचा धीर होत नसे. ती फक्त पायऱ्यांकडे बघे. शनिवारी मामा कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत वर आले. रविवारी चौथ्या पायरीवर थांबून त्यांनी चष्मा पुसला, आणि चष्म्यावर पावसाचा एक थेंब नव्हता. त्या रात्री ती भरल्या ताटावरून तशीच उठली. मामीने विचारलं तर म्हणाली, पडसं झालंय.

सोमवारी सकाळी मामा आले. तिने श्वास रोखला. छत्री मिटली, चपला झटकल्या, आणि मामा नेहमीच्या चालीने, कठड्याला हात न लावता, सातही पायऱ्या चढून आले. माणिकने टेबलावर डोकं ठेवलं आणि बाकावरच्या आठ पडसेकरी मंडळींसमोर हुंदके देऊन रडली.

“हिला आतल्या बाकावर न्या हो,” एक म्हातारे काळजीने म्हणाले. “हे काही साधं दिसत नाही.”

त्यानंतर तीन आठवडे गेले. साथ ओसरली. एका दुपारी ऊन-पावसाचा खेळ चालला असताना पायऱ्यांखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. माणिकने खाली पाहिलं. आधी पाय. मग चेहरा.

अनंत सुकून अर्धा झाला होता. त्याने कठडा धरला. एक पायरी चढला, थांबला. दुसरी चढला, थांबला. तिसऱ्या पायरीवर तो सरळ खाली बसला.

“आज हे खरं आहे,” तो वर बघत म्हणाला. “याच्यापुढे चढवत नाही.”

माणिक उठली. चार पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी, ओल्या दगडावर बसली.

“रागावलात?” त्याने विचारलं.

“हो.”

“किती?”

“फार. मेला असतात तर मी कुणावर रागावले असते?” ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. “मला काही विचारायचंय. मागच्या वेळेसारखं खोटं सांगायचं नाही. केव्हापासून?”

तो हसला नाही. “पहिल्याच दिवसापासून. साडेतीन शिंका लिहिल्यात ना... तेव्हाच. अगदी अचानक.”

“माझं तसं नाही,” ती हळूच म्हणाली. “माझं एकेक दिवसानं वाढत गेलं. शंभर पट्ट्या आणल्यात तेव्हा थोडं. शेजारच्या म्हाताऱ्याला हात धरून आणलंत तेव्हा आणखी. मला वाटलं होतं, जाईल आपोआप.”

“गेलं?”

“नाही ना.” तिने पदराने डोळे टिपले. “पण एक सांगून ठेवते. यापुढे माझ्यासमोर पायऱ्या दोन-दोन करून चढायच्या नाहीत. दमलात तर बसायचं. दुखलं तर दुखतंय म्हणायचं. मी उतरून येईन.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवली. ती गार होती. तिने नीट, पुन्हा एकदा खात्री करून घेतली. गारच होती.

“माणिक,” आतून मामांचा आवाज आला, “कोण आलंय गं? कुठल्या बाकावर बसवलंस?”

“कुठल्याच नाही, मामा,” ती म्हणाली. “आम्ही पायरीवर बसलोय.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग मामा म्हणाले, “बरं. पाऊस येतोय, वर या. सावकाश या.”

तिने त्याचा हात धरला. उरलेल्या चार पायऱ्या चढायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.