तेजोमेघातला जास्तीचा तारा

छापून आलेल्या तेजोमेघात एक तारा जास्त होता. आदल्या छपाईत सात-आठ कमी होते.

खगोलशास्त्रज्ञ तरुणीने गुंडाळी काखोटीला मारली आणि ती तडक छापखान्यात शिरली. दुर्बिणीच्या करड्या नोंदींतून हे चित्र उभं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रदर्शनाच्या दारातच, शाळकरी मुलांसमोर लागणार होतं.

गल्ल्यावर बसलेल्या, छपाईवाल्याच्या आत्याने आत तोंड करून हाक दिली, "अरे, आली रे तुझी फौजदारीण!"

तो हात पुसत बाहेर आला. चेहऱ्यावर पश्चात्ताप होता. डोळ्यांत मात्र त्याचा मागमूस नव्हता.

"आता काय चुकलं?"

"मागच्या वेळी तुम्ही नुकते जन्मलेले तारे धूळ समजून पुसलेत!"

"सवय हो. नवरीच्या फोटोत पांढरा ठिपका राहिला, तर सासर-माहेर दोन्ही अंगावर येतं."

"आणि हा?" तिने बोट टेकवलं. गुलाबी ढगाच्या कडेला, काळोखात, एक इवलासा शुभ्र ठिपका होता.

"तारा...?"

"साफ खोटं! इथले नवे तारे धुळीच्या पडद्याआडून दिसतात, म्हणून तांबूस दिसतात. हा एकटाच धुतल्या तांदळासारखा कसा?"

"मग काचेवरचा कण असेल—"

"कण इतका गोल नसतो. हा कुणीतरी बसवलाय."

आत्या खाकरली. "मी चहाचं बघते," म्हणत ती आत सटकली.

त्याने मान खाली घातली. "मी बसवला."

तिची कानशिलं तापली. "अहो, हे आकाश आहे! माणसाने अवकाशात डोळा नेऊन ठेवला, तेव्हा कुठे हे दिसलं. वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्याच भाराने आत कोसळतो, तापतो, आणि त्यातून तारा पेटतो... हे पुरेसं सुंदर नाही? म्हणून त्यात तुमची भर? उद्या मुलं तो खरा मानतील!"

"मुलांपर्यंत तो जाणारच नव्हता." त्याने मागे जपून ठेवलेली दुसरी गुंडाळी उलगडली. तांबूस, कोवळे, सगळेच्या सगळे तारे जागच्या जागी होते. जास्तीचा एकही नव्हता. "खरं चित्र हे. तुमच्या हातातलं फक्त तुमच्यासाठी. सगळं बिनचूक दिलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असतात?"

"चहाला या, एवढं म्हणता येत नाही?"

"तुमच्यासमोर... नाही येत."

"आकाशात लबाडी करायला बरी येते!"

"चुकलो. पण एक विचारू? माझा फोन चालू होता. दोन्ही वेळा तुम्ही स्वतः का आलात?"

 तिने सवयीप्रमाणे एकेक शक्यता तपासली. चूक समोर दाखवणं आवश्यक होतं? नाही, ती एका वाक्यात सांगता आली असती. छापखाना वाटेवर होता? छे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. प्रदर्शनाची घाई? मग तर फोनच आधी केला असता.

आतून कपबशा किणकिणल्या. तीन होत्या.

"कारण सापडलं," ती म्हणाली. राग अजून पुरता उतरला नव्हता. "मला तुम्हाला भेटायचं होतं."