झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे

"याला काय धाड भरलीये..." मी पुटपुटले, आणि टेबलापलीकडचा माणूस मान वर न करताच म्हणाला, "मला म्हणालात का?"

ग्रंथालयाच्या वाचनखोलीत खिडकीशी आम्ही समोरासमोर बसलो होतो. तो लाल पेनाने पेपर तपासत होता. मी रेकॉर्डरची वायर लॅपटॉपला लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. रेकॉर्डरचा दिवा लागायचा, पण पडद्यावर ढिम्म काही उमटत नव्हतं. आत एका म्हाताऱ्या दीपगृह-राखणदाराची मुलाखत होती, आणि पुन्हा बोलणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पाचच्या आत ती काम देणाऱ्यांकडे पाठवली नाही, तर पुढच्या सगळ्या मुलाखती दुसऱ्या कुणाकडे जाणार होत्या. ग्रंथालयाच्या संगणकांना बाहेरचं काही जोडायला बंदी. त्यात बाबांच्या पायाच्या ऑपरेशनपासून माझ्या झोपेचं खोबरं झालेलं. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"बघू का?" असं विचारून तो शेजारी येऊन बसला. संध्याकाळच्या वर्गात लिनक्स, म्हणजे माझा लॅपटॉप ज्यावर चालतो तीच प्रणाली, शिकवतो म्हणाला, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव मास्तर ठेवून टाकलं. मास्तरांनी पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तीत एक आज्ञा टाइप केली. खाली आलेल्या नावांमध्ये माझा रेकॉर्डर होता.

"वायर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "लॅपटॉपला हा दिसतोय, फक्त उघडता येत नाहीये." मग तो माझ्याकडे बघत राहिला... इतका वेळ, की मी उगाच केस सारखे केले. "लॅपटॉप शेवटचा बंद कधी केला होतात?"

"रोजच करते की. झाकण मिटते."

"झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, मॅडम."

अपडेट आलं की मी न वाचताच 'हो' म्हणत आले होते. त्यात लिनक्सचा नवा गाभा येऊन बसला होता आणि जुन्याचे भाग काढून टाकले गेले होते. लॅपटॉप मात्र अजून जुन्यावरच रेटत होता. रेकॉर्डर उघडायला लागणारा भाग शोधायला जायचा, तर जागेवर काहीच नाही. एकदा पूर्ण बंद करून सुरू केला की झालं, असं त्याने समजावलं.

"इतकंच?"

"इतकंच. पण तेवढंच कुणी करत नाही."

तो हे माझ्याकडे बघून म्हणाला. उघड्या फायली एकेक करून मी जपून ठेवल्या, तोवर तो न कंटाळता थांबला. मग पडदा काळा झाला. मी हातांवर डोकं टेकलं, जरा वेळ म्हणून...

टेबलावर बोटांची हलकी टकटक झाली तेव्हा साडेचार वाजले होते. खिडकीचा पडदा कुणीतरी ओढून घेतला होता. माझ्यावरचं ऊन अडेल इतकाच.

"उठवायचं नाही का?" मी चिडले. "काम गेलं असतं माझं."

"नसतं गेलं. मी घड्याळच बघत होतो. एकही पेपर तपासून झाला नाही." त्याने पेपर बाजूला सारले. "लॅपटॉप लगेच उठला होता. तुम्हाला उठवायला मात्र — जीव होईना."

मी पासवर्ड टाकला, वायर लावली, आणि रेकॉर्डर पडद्यावर आला. राखणदाराचा खोकला ऐकू आला. मुलाखत वेळेत गेली. माझे डोळे भरून आले, पण ते कामासाठी नव्हते. घरी सगळ्यांच्या उशाशी मीच बसायची. माझ्यासाठी कुणीतरी बसून राहिलं होतं. मला तो तिथेच आवडला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. पेपरांचा ढीग तेवढाच होता.

"आता काय बिघडलं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

त्याच्या देखत मी लॅपटॉप बंद केला, दिवा विझेपर्यंत पूर्ण बंद, आणि समोरची सोडून त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"अर्ध्या तासाने उठव," मी म्हणाले. 'अहो'चं 'अरे' झालेलं त्याने ऐकलं. त्याचे कान लाल झाले.

"आणि नाही उठवलं तर?"

"तर घरी येऊन बाबांना तूच सांग, उशीर का झाला ते."

"मग नाहीच उठवत," तो म्हणाला, आणि त्याने लाल पेनाला टोपण लावलं.