बहात्तर ठोके

धावपटू प्रबोधिनीच्या मैदानावर गुडघाभर गवत माजलं होतं आणि निवड झालेली मुलं सभागृहात खाटांवर पडून होती. पहाटे ‘स्पंदनपारखी’ यंत्र मनगटावरून विश्रांतीतले ठोके मोजायचं. जितके कमी, तितका धावपटू थोर. धावलं की दुसऱ्या सकाळी ठोके चढतात, म्हणून धावायला बंदी होती. हा शहाणपणा संचालिका डॉ. वैजयंती अग्निहोत्रींचा.

घाम गाळणाऱ्यांची बाईंना शिसारी यायची. शर्यतीला त्या रेड्यांची झुंज म्हणायच्या. म्हणूनच दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या रेवती बनगरकडे त्यांनी पाहिलंही नाही. माणदेशातली ही पोर गावचा डोंगर सगळ्यांच्या आधी चढायची, पण तिचे ठोके बहात्तर निघाले होते. अपात्र!

तिच्यासाठी रदबदली करायला हृदयतज्ज्ञ डॉ. फरीद मुजावर आले होते.

“सरावानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत कमी ठोके पुरतात,” ते म्हणाले. “पण ठोके कमी म्हणजे सराव झालाच, असं नाही. काहींचं हृदय जन्मतःच सावकाश चालतं, काहींचं आजारानं.”

बाई कुत्सितपणे हसल्या. गेले काही दिवस जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, त्याचं खापर त्यांनी जिन्यावर फोडलं होतं. जन्मात न धावलेल्या आपल्याला पारखी नापास करील आणि मुजावरांचं तोंड बंद होईल, म्हणून त्यांनी यंत्राची पट्टी स्वतःच्याच मनगटाला बांधली.

भिंतीवरच्या फलकावर अक्षरं उमटली : ‘ठोके चौतीस. अव्वल धावपटू. अभिनंदन.’

मुजावरांनी त्यांची नाडी धरली. “मॅडम, आडव्या व्हा. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा संदेश खाली पोचत नाहीये.”

आडवं होणं म्हणजे यंत्र चुकलं असं कबूल करणं. “पारखी चुकत नाही,” बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या आणि कोसळल्या.

बाहेरून विजेचे ठोके देऊन हृदय चालवणारं ‘हृदयचालक’ यंत्र मैदानापलीकडच्या दवाखान्यात होतं. छाती दाबता दाबता मुजावर खाटांकडे पाहून ओरडले, “पळा, ते घेऊन या!” अव्वल धावपटूंनी एकमेकांकडे पाहिलं. उद्याचे ठोके बिघडले असते. एकही उठला नाही. रेवतीनं पिशवी टाकली आणि ती गवतातून सुसाट सुटली.

फलक आपलं काम इमानेइतबारे करत होता. ‘एकवीस.’ मग ‘शून्य. आजवरचा सर्वोत्तम निकाल.’

रेवती धापा टाकत यंत्र घेऊन आली. मुजावरांनी बाईंच्या छातीवर त्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि गतीचा काटा मुद्दाम बहात्तरवर लावला.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर फलक होता : ‘ठोके बहात्तर. अपात्र. सामान आवरावे.’ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली.

“पिशवी आत आण, पोरी,” त्या पुटपुटल्या. “तुझी निवड झाली.”

रेवतीनं खाटांवरून नजर फिरवली आणि पिशवी खांद्याला लावली.

“ऱ्हाऊ द्या, बाई. हितं कुणी पळत न्हाई.”