न शिवणारा बाण

नागपूरच्या मज्जासंशोधन केंद्रातली ती भिंत म्हणजे जणू मत्स्यालयच! सहा पडदे, आणि प्रत्येकात एक पांढरा बाण संथ पोहतोय. माऊस कुठेच नाही. पलीकडच्या खोलीत सहा रुग्ण निश्चल पडले होते. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक छोटा पडदा होता आणि डोक्यातलं यंत्र त्यांच्या विचारांनी बाण हलवत होतं. पडद्यावरच्या 'पाणी', 'झोप', 'हाक' अशा बटणांवर बाण नेला की हवं ते मागता येई. त्याला सगळे मनोबाण म्हणत.

तिसरा बाण निनादचा. सतरा वर्षांचा, ही बटणं बनवणाऱ्या केतकी बोरकुटेचा धाकटा भाऊ. त्याच्या डोक्यातलं यंत्र आज काढणार होते.

"पहिल्या दिवशी त्याने पाणी मागितलं आणि त्याच क्षणी झोपही," डॉ. अल्मास शेख हळूच म्हणाल्या. "मग हाक आणि पुन्हा झोप. भानावरचा माणूस असं मागेल का गं? त्यानंतर महिनाभर एकाही बटणाला स्पर्श नाही. तो बाण नुसता भरकटतोय."

"पण मॅडम, किती सोपं केलंय मी! टिचकीसुद्धा नको, छायास्पर्श पुरे. बाण बटणावर आला की माझा जावास्क्रिप्टमधला प्रोग्रॅम ते उजळवतो, मोठ्ठं फुगवतो, आणि काम लगेच! झोप म्हटलं की नळीतून औषध. ते बटण तर प्रत्येक ओळीत दिलंय, शोधायला लागू नये म्हणून."

बोलता बोलता केतकी थांबली. "मॅडम, अर्धं पान बटणांनीच भरलंय ना? त्यावर माशी सोडली तर?"

"बसेल की बटणांवर. पुन्हा पुन्हा."

"आणि हा महिनाभर एकदाही नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "भरकटणारा धडकतोच," त्या पुटपुटल्या. "न धडकायला वाट दिसावी लागते."

केतकीने धडाधड कळा दाबून सगळ्या बटणांच्या जागा बदलल्या. बाण थबकला. मग दोन बटणांमधल्या नव्या फटीतून, कशालाही न शिवता, अलगद पलीकडे गेला.

त्या एवढ्याशा बाणामागे एक अख्खा माणूस जागा होता!

"मग मागत का नाही काही?" डॉक्टर म्हणाल्या.

केतकीने तेच पान निनादच्या छोट्या पडद्याच्या मापात उघडलं आणि स्वतःचा बाण 'पाणी'वर नेला. बटण उजळलं, फुगलं, ओळीत मावेना म्हणून खालच्या ओळीत घसरलं. त्याच्या जागी शेजारची 'झोप' सरकली. थेट बाणाखाली.

"अगं आई गं! माझ्या मोठ्या पडद्यावर ओळीत जागा होती. इथे नाहीये. म्हणजे काहीही मागितलं की औषध!"

"म्हणजे त्याच्यासाठी प्रत्येक बटण झोपेचंच झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि जागं राहायचं तर एकच उपाय. कशालाच शिवायचं नाही."

केतकीने बटणांचं फुगणं काढून टाकलं आणि माईकवर ओरडली, "ए माकडा, ऐकतोयस ना? बटण नीट केलंय. एकदाच विश्वास ठेव ना रे माझ्यावर!"

बाण 'हाक'च्या कडेला येऊन थांबला. मागे गेला. परत आला. आणि आत शिरला.

घंटा वाजली. बटण जागेवरच राहिलं. लगेच बाण बाहेर, पुन्हा आत. घंटा. पुन्हा. पुन्हा!

"अरे हो, कळलं की! वाजवूनच राहिला!" केतकी रडत रडत हसत होती.

डॉक्टर मात्र हसत नव्हत्या. त्या उरलेल्या पाच पडद्यांसमोर उभ्या होत्या. "केतकी, या पाचांचंही अगदी असंच आहे. पहिल्या दिवशी एकदोनदा झोप, मग शून्य. याच शून्यावरून मी त्यांच्या घरच्यांना सांगितलं, की आत आता कोणी नाही."

केतकीने सुधारलेलं पान सगळीकडे चढवलं. डॉक्टरांनी माईक ओढून घेतला. "मी अल्मास. आता झोप येणार नाही. जे हवं ते मागा."

पाचही बाण जागच्या जागी थांबले.

मग एक घंटा वाजली. मग दुसरी. मग इतक्या एकदम, की आधी कुणाकडे धावायचं ते दोघींना कळेना.