उजव्या बाजूचा स्पीकर

हे माझ्याच घरात घडलं. कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि रचून सांगण्याइतकी हुशारी माझ्यात नाही. आयुष्यभर वाचत आलो, लिहिलं मात्र काहीच नाही. कुठे अडखळलो तर तो दोष माझ्या लिहिण्याचा समजा. घडलं ते घडलंच.

रात्र नव्हती. भर दुपार होती, खिडक्या सताड उघड्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. आम्ही दोघं नुकतेच तिथे राहायला आलो होतो.

आमची ही शाळेत गाणं शिकवायची. एका तापाच्या दुखण्यात तिचा डावा कान कायमचा गेला. उरला उजवा. डॉक्टर म्हणाले, "हा जपा."

ती मला म्हणाली, "हा आहे तोवर मी आहे. हा गेला की मला माणसांत धरू नका."

म्हणून ठरलं. बैठकीच्या खोलीत गाणी ऐकायला स्पीकर घ्यायचे. आपल्या खिशाला झेपतील असे.

"आणि मला ते दिसता कामा नयेत," ती म्हणाली. "खोलीत दोन कपाटं उभी केल्यासारखं नको. ऐकू आले की बस."

"म्हणजे माझ्यासारखे," मी म्हणालो.

"तुम्ही दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही!"

दुकानात मी खेपांवर खेपा घातल्या. माहितीपत्रकं घरी आणून वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या, पुन्हा शंका आली, पुन्हा गेलो. शेवटी दुकानदार वैतागला.

"काका, परीक्षेला बसताय का? हे न्या. पुस्तकांच्या ओळीत ठेवलेत तर तुम्हालाही सापडणार नाहीत."

खरंच छोटे होते. जाडजूड शब्दकोशाएवढे. एक दाराजवळच्या फळीवर ठेवला, दुसरा खिडकीच्या कोपऱ्यातल्या फळीवर. मध्ये सोफा. ती बसली की कोपरा तिच्या उजव्या हाताला यायचा.

गाणं लावण्याआधी तिने टाळी वाजवली. ही तिची जुनी सवय. मुलांचे कार्यक्रम बसवताना कुठल्याही सभागृहात शिरली की आधी टाळी, मग बाकीचं. आवाज कसा घुमतो ते त्यावरून तिला कळायचं.

दाराजवळ टाळी खणखणीत वाजली.

खिडकीच्या कोपऱ्यात मात्र...

नुसते हात हलल्यासारखे वाटले.

"गंमत आहे," ती म्हणाली. "रिकाम्या सभागृहात टाळी घुमते. माणसं येऊन बसली की आवाज त्यांच्या अंगात मुरतो. इथे तसं लागतंय."

"तसं म्हणजे?"

"कुणीतरी बसल्यासारखं."

मी कोपऱ्यात पाहिलं. फळी, स्पीकर, भिंत. बाकी काही नव्हतं.

गाणं लावलं. दाराजवळचा स्पीकर स्वच्छ वाजत होता. कोपऱ्यातला मात्र तोंडात बोळा कोंबल्यासारखा. मी दोघांची अदलाबदल केली. आता कोपऱ्यात गेलेला दुसराही तसाच घुसमटला. दुकानात नेले तर दोन्ही उत्तम!

"स्पीकर ठणठणीत आहेत, काका. भिंतीला खेटून ठेवलाय म्हणून आवाज दबतोय. जरा पुढे घ्या."

मी कोपऱ्यातला स्पीकर एका स्टुलावर ठेवून पुढे घेतला. तिने पुन्हा टाळी वाजवली.

कोपरा आता घुमत होता.

आवाज मरत होता तो... स्टुलापाशी.

"ते पुढे आलंय," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

त्याच सुमारास जावई आले. मोकळा, बोलका माणूस. "बाबा, तुम्ही दोघं म्हणजे राईचा पर्वत करता," असं म्हणत ते वायर तपासायला स्टुलाशी वाकले. तोंडाचा पट्टा चालूच होता.

मध्येच आवाज थांबला.

ओठ मात्र हलत होते...

मला वाटलं, माझ्याच कानांचं काहीतरी चुकतंय. मी हिच्याकडे पाहिलं. तिचाही चेहरा उतरला होता.

जावई ताडकन मागे सरले. चहाला थांबले नाहीत. दारात बूट घालताना माझ्याशी कुजबुजले, "बाबा, माझ्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला होता. चांगला दाबून."

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. मुलगी फोनवर म्हणते, त्यांना वेळ नसतो.

मी स्पीकर परत करायचं म्हटलं, तर ही अडून बसली.

"माझ्या घरात मी गाणं ऐकायचं नाही? कोण लागून गेला तो?"

'तो' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.

"अगं, राहू दे. कानाला काही झालं तर?"

"तुम्ही आयुष्यभर सगळं राहूच दिलंत. व्हा बाजूला."

तिने स्वतः स्टूल ओढलं आणि सोफ्याला भिडवलं. अगदी उजव्या कानाशी.

"बघतेच, कसा गप्प करतो ते."

मी गाणं लावलं. त्या बाजूचा स्पीकर पहिल्यांदाच मोकळा वाजला! तिने जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले. मान डोलू लागली...

मग थांबली.

"बंद का केलंत?"

मी बंद केलं नव्हतं. गाणं चालू होतं. आलाप खोलीभर घुमत होता.

"अहो, लावा ना."

मी तिला हाक मारली. ओरडून मारली. माझा आवाज आयुष्यात तितका कधी चढला नसेल.

ती नुसती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

डॉक्टरांना कानात काहीच दोष सापडला नाही. पुन्हा पुन्हा तपासून ते म्हणाले, "यांना ऐकू यायला हवं." पण येत नव्हतं.

आम्ही ते घर सोडलं. स्पीकर तिथेच टाकले. नव्या घरात रेडिओसुद्धा नाही. मला काही सांगायचं असलं की मी कागदावर लिहितो, ती वाचून तोंडाने उत्तर देते. असे दिवस चालले होते. मला वाटलं, निदान सुटलो.

मागच्या आठवड्यात मी दुपारी वाचत बसलो होतो. ती खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून, कपड्यांच्या घड्या घालत होती.

मी पान उलटलं.

तिने मान हळूच उजवीकडे झुकवली. कुणी कानाशी लागलं की झुकवतात, तशी.

"हो," ती म्हणाली. "सांगते त्यांना."

आणि मग, वळूनही न बघता...

"अहो, पानं उलटू नका. त्याला आवाज सहन होत नाही."

मी उत्तर लिहायला कागदसुद्धा उचलला नाही. कागदही वाजतो.

आता मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसतो. पान तेच असतं. पाय हलवत नाही. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकतो.

काल पुन्हा तिची मान झुकली. बराच वेळ ती ऐकत होती. एकदा "नको" म्हणाली. एकदा "ते नाही करणार" म्हणाली. माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो," ती म्हणाली, "श्वास जरा हळू घेता का?"