साठावा माणूस

मला साठ माणसं हवी होती, एकोणसाठ मिळाली होती. साठावा जिन्यात भेटला. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला, बोटांना ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं वाट द्यायला अंग चोरलं, आणि मी त्याच्या हातात प्रश्नावलीच ठेवली.

संशोधन मॅडमचं, धावपळ माझी. माणसं जवळीक कशी पेलतात, आणि त्याचा स्वभावाच्या घडणीशी, मनाच्या आरोग्याशी काय संबंध, हे पाहायचं होतं. चाळीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडा. सात म्हणजे अगदी खरं. सहा आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा, उत्तरं टिकतात का ते तपासायला.

‘जवळच्या माणसावर विसंबणं मला अवघड जातं.’ त्यानं सात लिहिले. मी गुपचूप स्वतःचीही भरली होती. तिथे माझे सहा. ताई हेच आकड्यांशिवाय सांगते – कुणी जरा जवळ आलं की तू दार शोधतेस, बाई.

त्या सहा आठवड्यांत मला लिफ्टचा आवाज फारच यायला लागला. मी कळवायची, तो यायचा. मग पायरीवर बसून चहा. लहानपणी आई ‘येते’ म्हणून जायची आणि तो फाटकाशी बसून राहायचा, हे त्यानं तिथेच सांगितलं... हसत. एकदा त्यानं रविवारी भेटायचं का विचारलं. मी नियम सांगितला: सहभागी माणसाशी ओळख वाढवायची नाही. दार सापडलं होतं मला.

दुसऱ्या वेळी त्याच वाक्यापुढे त्यानं तीन लिहिले. एवढा फरक पडला की विचारावंच लागतं.

“मधल्या काळात काही मोठं घडलं का?” मी कागदाकडे बघत विचारलं.

“मोठं नाही. एक मुलगी... धडधाकट लिफ्टची तक्रार करायची. मी आलो की पायरीवर असायचीच, दोन कप घेऊन.”

“आणि रविवारी?”

“नाही म्हणाली. पण सोमवारीही कप दोनच होते.”

मी पेन उचललं आणि त्याच्या कागदावर आडवी रेघ ओढली. ‘बाद’ लिहिलं.

“काय चुकलं माझं?”

मी कागद त्याच्याकडे वळवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं – संशोधन-सहायक सहभागी व्यक्तीत गुंतली आहे. त्यानं ते सावकाश, दोनदा वाचलं.

“आता साठावा माणूस परत शोधायला हवा,” मी म्हणाले. “मदत... कराल?” हे कुणाला कधी विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

तो पिशवी उचलत म्हणाला, “लिफ्ट बंद करतो. जिन्यात माणसं भेटतात.”