मरू नये तो जिवाणू

औषधाला दाद न देणारा म्हणून राखलेला संदर्भ-जिवाणू औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती मेला. चकती बदलली. तो पुन्हा मेला.

बाजारातल्या मांसात सापडणारे जिवाणू औषधाला जुमानतात की नाही, हे प्रयोगशाळा याच जिवाणूशी ताडून ठरवत असे. आता एकही निकाल भरवशाचा उरला नव्हता. प्रमुखांनी संशय घेतला तो फ्रीजर सांभाळणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणत त्या गृहस्थांवर: यांनी नळी बदलली. चौकशी संपताच मामांची नोकरी जाणार, हे सर्व जण धरूनच चालले होते.

तपासनीस बाई आल्या तेव्हा प्रयोगशाळेत कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"नळी बदललीत?"

"बदलून काय करू, बाई? घरी नेऊन पाळू?" मामा म्हणाले. "मुलीला काय तोंड दाखवू, तेवढं सांगा."

फ्रीजरमधल्या मूळ नळ्यांची सीले शाबूत होती. बाईंनी मेलेल्या जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राची ओळख तपासून घेतली. ती मूळ जिवाणूशी तंतोतंत जुळली.

मग बाई प्रमुखांच्या खोलीत गेल्या. हा जिवाणू प्रमुखांनीच घडवला होता. टेबलावरच्या प्लेटमध्ये तो सायीसारखा दाट वाढला होता.

"मूळ नळी कधी उघडता?"

"एकदा उघडली, पुन्हा कशाला? चाचणीचा जिवाणू या प्लेटमधून त्या प्लेटमध्ये घेत राहतो."

"प्लेटमध्ये औषध घालता?"

"औषधात खुरटायचा हो. साधा खुराक दिला आणि बघा, कसा फोफावलाय."

बाईंनी एका मूळ नळीचे सील तोडले. त्यातला जिवाणू चकतीला खेटून वाढला. तेव्हा त्यांनी प्रमुख आणि मामा दोघांना समोर बसवले.

"नळी बदललेली नाही. मामांवरचा आरोप आजच मागे घ्या."

"मग जिवाणू बदलला कसा?" प्रमुखांनी विचारले.

"तो तुम्हीच बदललात. याची प्रतिकारशक्ती मुख्य गुणसूत्राबाहेर, डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असते; ओळख-तपासणीत ते कडे येत नाही. कडे वागवणे हे ओझे. औषध असेल तर कडे नसलेले मरतात, कडेवाले उरतात. औषध नसेल तर बिनओझ्याचे झपाट्याने वाढतात आणि कडेवाल्यांना मागे टाकतात. तुमच्या प्लेटमध्ये कडेवाला जवळजवळ उरलेलाच नाही."

बाईंनी अहवालात कारण लिहिले: औषधाविना वारंवार केलेली वाढ; ती करणारे स्वतः प्रमुख.